कंधारला पत्ताच लागला नाही

केरबाचा फोन आला तेव्हा मी शिव्या खायच्या तयारीनंच बसलो होतो. केरबा म्हणजे आमच्या बँकेच्या कंधार शाखेतला जुना शिपाई. तिथं पंखा बंद पडो की कॉम्प्युटर, नांदेडला मुख्य कचेरीत फोन त्यानंच करायचा असा त्या शाखेचा रिवाज. आणि त्या दुपारी बिघडलं होतंच. माझ्या डोळ्यांदेखत मुख्य राऊटर जळाला होता, करपल्या वायरीचा वास अजून खोलीत कोंडलेला होता. सगळ्या शाखांकडे जाणारे टनेल त्याच एका पेटीतून निघतात. टनेल म्हणजे बाहेरच्या एवढ्या गर्दीतून दोन टोकांच्या मधे टाकलेला बंदिस्त रस्ता, आतलं बोलणं त्या दोन टोकांनाच कळतं. तो तुटला की कंधारच्या काउंटरवर माणसं ओरडायला लागतात. केरबा म्हणाला, "साहेब, ते प्रिंटरचं सामान कधी धाडता? पासबुकावर अक्षरच उमटंना." मी विचारलं, "आणि बाकी?" "बाकी काय?" "मघाशी काही अडकलं का?" "न्हाई बा. काहून, काय झालं का?" मी म्हणालो, काही नाही, आणि फोन ठेवला. वर आमचे शेषेराव साहेब, मॅनेजर, चहाचा कप घेऊन दारात येऊन म्हणाले, "म्हणजे काही झालंच न्हाई की, राजशेखर. खामखा घाबरवलं." राऊटरच्या जोडीला दुसरी पेटी द्या म्हणून चार वर्षं मी ह्या माणसाच्या मागे लागलो होतो. ती आली, तिनं आज सगळं सावरलं, आणि काही झालंच नाही म्हणे. आमच्या धंद्यात इज्जत अशीच असते. काम नीट झालं तर तुम्ही केलंच नाही.

कपाटात दोन पेट्या आहेत, एकावर एक. वरची बोलते, खालची ऐकते. खालचीला काम एकच, वरची जिवंत आहे का ते बघत बसायचं. आणि वरची गेली की त्याच दमात तिचंच नाव, तिचाच पत्ता, तिचीच किल्ली घेऊन बोलायला लागायचं, समोरच्याला वाटलं पाहिजे की बोलणारी तीच आहे. वाचायला सोपं आहे. करून बघा. टनेलमधून जाणाऱ्या प्रत्येक पाकिटावर आकडा असतो, चढता. एकदा येऊन गेलेला आकडा परत आला तर कंधारची पेटी ते पाकीट उघडतसुद्धा नाही, फेकून देते. तिला वाटतं कुणी चोर जुनं बोलणं ऐकून तेच पुन्हा बोलून दाखवतोय. आणि खालच्या पेटीला वरचीचा शेवटचा आकडा नेमका माहीत नसतो, कारण मरणारा सांगून मरत नाही. म्हणून खालचीला शिकवून ठेवावं लागतं, की बाई, अंदाजानं लांब उडी मार. वरची जिथवर पोचली असेल त्याच्याही पुढनं बोलायला लाग. मधले आकडे सुटले तर कंधार हू की चू करत नाही. मागचा आला तर मात्र संपलं. हे सगळं मी शेषेराव साहेबांना एकदा समजावून सांगितलं होतं, तेव्हा ते मोबाइलवर कुणाच्या तरी लग्नाचे फोटो बघत होते.

त्याच संध्याकाळी सुकन्या वहिनीचा फोन आला, माझ्या थोरल्या भावाच्या बायकोचा. "भाऊजी, लवकर या. ह्यांना लकवा मारलाय." शिवमूर्ती, आमचा अण्णा, त्याच्या पाइपच्या दुकानात गिऱ्हाइकाशी बोलता बोलता शब्द गिळून खाली बसला होता. लातूर सोडून नांदेडला येऊन त्यानं एजन्सी टाकली, माझ्याच गावात, माझ्याच उरावर, आणि तरी आमची भेट कुणाच्या लग्नात नाहीतर नाहीच. मी दवाखान्यात पोचलो तेव्हा तो पलंगावर होता. तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा हात चादरीवर पडलेला, आणि घशातून नुसता ब, ब, ब. डोळे मात्र लख्ख. त्यानं मला बघितलं, ओळखलं, काहीतरी सांगायला गेला, आणि पुन्हा तेच ब, ब. मला वाईट वाटलं असं सांगितलं तर ते खोटं होईल. मला पहिल्यांदा वाटलं ते असं: आता बोल की. तेव्हा बोलला नाहीस, आता बोल. तुम्ही म्हणाल, काय माणूस आहे हा. म्हणा.

मी तसाच भिंतीला टेकून उभा असताना लातूरहून तनुजाचा फोन आला, आमच्या धाकट्या बहिणीचा. आमची आई, अव्वा, तिच्याकडे असते. मांडीचं हाड मोडल्यापासून पलंगावरच, नजर गेल्यातच जमा, हृदय कमजोर, साखर तर जुनीच. अव्वाचा एक नेम आहे. संध्याकाळी गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पूजा करायची, मग तनुजानं इन्सुलिनची सुई टोचायची, मग शिवमूर्तीचा फोन यायचा, त्याच्याशी दोन शब्द बोलायचे आणि मगच घास तोंडात. पूजेशिवाय अन्न नाही हे आम्हा लिंगायतांत घरोघर असतं. फोनचं तिनं स्वतःच पुढं जोडलं आणि बघता बघता तेही पूजेइतकंच पक्कं झालं. तनुजा रडकुंडीला आली होती. "दादा, सुई देऊन झाली अन् ती ताटापुढं बसून राहिलीय. शिवमूर्तीचा फोन आल्याबिगर जेवत न्हाई म्हणती. साखर खाली चाललीय तिची, घाम फुटलाय. अण्णाचं सांगू का?" मी विचारलं, डॉक्टर काय म्हणाले होते. "धक्का द्यायचा न्हाई म्हणून बजावलंय." मग हळूच म्हणाली, "तू बोल ना. तुमचा आवाज एकच हाय."

एकच आहे. लहानपणी लातूरच्या आडत दुकानात तुरीच्या पोत्यांमागून आमच्यापैकी कुणी 'ओ' दिली की अप्पा, आमचे वडील, विचारायचे, "कोन, शिवमूर्ती का?" मी 'राजशेखर' म्हणालो की म्हणायचे, "तू न्हाई. मोठ्याला धाड." सिद्रामप्पांचा माल, सिद्रामप्पांचा शब्द, सिद्रामप्पांचा थोरला, असं सगळं एका ओळीत होतं आणि मी त्या ओळीच्या मागं पोत्यांवर बसलेला. शर्ट त्याचे उतरलेले, सायकल त्याची उतरलेली, शाळेत मास्तर म्हणायचे, शिवमूर्तीचा भाऊ ना तू. आवाज तेवढा माझा स्वतःचा म्हणून फुटला, तर तोही त्याचाच निघाला. मी अण्णाचा मोबाइल वहिनीकडून घेतला, दवाखान्याच्या जिन्यात गेलो आणि लातूरचा नंबर लावला. अव्वा माझ्याशी नऊ वर्षं बोललेली नव्हती.

"शिवमूर्ती?" ती म्हणाली. मी म्हणालो, "हाव, अव्वा." "किती उशीर रं आज." मी विचारलं, "गुडघ्याला तेल लावलं का?" "कालच इचारलास की हे. अन् परवा बी. दुसरं काही न्हाई का बोलायला? आवाज बी कसाकसा येऊन राहिला. कोन बोलतंय?" तिच्या आवाजात संशयाची बारीक कुसळं उभी राहिली. मग माझ्या डोक्यात कंधार आलं. मागचा आकडा नको. उडी मार. मी म्हणालो, "अव्वा, हैदराबादहून आज पाइपचा ट्रक आला. ड्रायव्हर दुकानापुढंच झोपून गेला. उठवलं तर मलाच म्हणतो, चहा सांगा." असला कुठलाही ट्रक आला नव्हता. पण अव्वा हसली. "मग सांगितलास का चहा?" "सांगितला की. दोन प्याला." ती पुन्हा हसली. तिचं हसणं मी विसरून गेलो होतो. "बरं, ठेव आता. तू जेवलास का?" "जेवलो." "मग मी बी जेवते." तनुजानं नंतर सांगितलं, दीड भाकरी खाल्ली. मी जिन्यातच बसलो. पंखा नव्हता, डास होते, आणि मी संतापलो होतो. तू जेवलास का, हे इतकं फुकटात मिळत होतं त्याला, रोज, वर्षानुवर्षं.

तनुजा, वहिनी आणि मी मिळून ठरवलं की अण्णा बोलायला लागेपर्यंत हे असंच चालवायचं, मग त्याच्याच तोंडून तिला कळू द्यायचं. त्यांना वाटलं मी मोठं मन केलं. मन वगैरे काही नाही. रोज संध्याकाळी मी बँकेच्या गच्चीवर जायचो, खाली गुरुद्वाराकडे जाणाऱ्या ऑटोंची कचकच, आणि कानाला अण्णाचा मोबाइल. दिवसभर पुढचे आकडे जमवायचे. पाइपच्या किमती, वहिनीचं दातदुखणं, नदीला सोडलेलं पाणी, शेजारच्यांचं कुत्रं. रोज नवं. तिनं ऐकलेलं पुन्हा ऐकवायचं नाही. मी त्यात इतका तरबेज झालो की कधीकधी अण्णा जे बोलला नसता तेही बोलून जायचो, आणि ती म्हणायची, "आजकाल तू लई गोष्टी सांगून राहिलास. आधी नुसतं हाव आणि न्हाई." मला बरं वाटायचं, आणि बरं वाटल्याचा राग यायचा. कारण ती सगळी माया पत्ता चुकलेल्या टपालासारखी माझ्याकडे येत होती आणि पाकिटावर नाव त्याचं होतं.

आणि मधेच माझंही नाव निघायचं. नाव म्हणजे नाव नाही, तो. "त्याची गाठ पडती का?" "कधीमधी." "पडू देऊ नको. मला मेलाय तो." असं म्हणून मग ती भाकरी करपल्याचं बोलायची. एकदा विचारलं, "त्याची पोरगी केवढी झाली असंल?" मी विचार न करता म्हणालो, "सृष्टी? नववीला गेली. चष्मा लागलाय. गणितात हुशार हाय, पण तोंडानं फटकळ." "तुला बरं इतकं माहीत." मी जीभ चावली. "रस्त्यात भेटली होती, अव्वा." "फटकळ म्हंजे माझ्यावर गेली," ती म्हणाली आणि तिच्या आवाजात इतकं काही होतं की मी घाईनं ट्रक, कुत्रं, जे हाताला लागेल ते पुढं केलं. घरी गेलो तेव्हा सृष्टी म्हणाली, बाबा, तोंड का पाडलंय. मी तिच्यावर खेकसलो.

नऊ वर्षांपूर्वी अप्पा गेले, लिंगैक्य झाले, त्या दिवशी मी नांदेडला बँकेच्या मशीनच्या खोलीत होतो. सगळी बँक जुन्या यंत्रणेवरून नव्या यंत्रणेवर न्यायचा दिवस, मोबाइल बाहेर कुलपात ठेवायचा नियम. बाहेर आलो तर तनुजाचे, काकांचे, सगळ्यांचे फोन पडलेले. गाडी काढली. लोहा मागं पडलं, अहमदपूर आलं, तिथून अण्णाला फोन लावला. मी म्हणालो, "थांबा रे. मी अहमदपुरात हाय. मी आल्याबिगर माती देऊ नका." तो म्हणाला, "ये." एवढंच म्हणाला, ये. मी चाकूर कसं ओलांडलं मला माहीत नाही. पोचलो तेव्हा माणसं नळावर हातपाय धूत होती. अप्पांना बसवून, डाव्या तळहातावर त्यांचं लिंग ठेवून, बेल-भस्म वाहून, खड्डा बुजवून वर पाणी शिंपडून झालं होतं. चुलत काका मला बघून म्हणाले, "आलं, वरातीमागून घोडं." सगळ्या गावानं मूठमूठ माती दिली होती, किराणावाल्यानं, हमालांनी, ज्यांच्याशी अप्पांचं भांडण होतं त्यांनीसुद्धा. पोटच्या पोरानं नाही. अव्वा घरात भिंतीकडं तोंड करून बसली होती. मी पायाशी वाकलो तर तिनं पाय आखडून घेतले. "मशिनीपाशीच बस जा. तीच तुझी मायबाप." अण्णा दारात उभा होता, नखातली माती काढत. मला वाटलं, आता हा सांगेल. सांगेल, की याचा फोन आला होता, मी ये म्हणालो होतो. त्यानं दुसऱ्या हाताच्या नखातली माती काढायला घेतली. त्या दिवसापासून अव्वा माझ्याशी बोलली नाही, आणि मी अण्णाला कधी विचारलं नाही. विचारायचं कशाला? तोंड त्याला होतं की.

आता त्याचं तोंड माझ्याकडे होतं. हे मला पहिल्याच दिवशी जिन्यात कळलं असणार, पण मी ते स्वतःपासूनही लपवून ठेवलं. मग अप्पांच्या पुण्यस्मरणाची बोलणी निघाली, त्याला अजून तीन महिने होते. अव्वा म्हणाली, "पूजेला जंगमाला सांगून ठेव. पाहुणे मोजकेच बोलाव. अन् त्याला बोलावू नको. बापाच्या खड्ड्यात मूठभर माती टाकाया जमली न्हाई, त्यानं पानावर काहून बसावं?" खाली ऑटोवाले हॉर्न वाजवत होते. मी अण्णाच्या आवाजात म्हणालो, "अव्वा, त्याचा फोन आला होता." "कोनाचा?" "राजशेखरचा. माती द्यायच्या आधी. अहमदपुरावरनं. थांबा म्हणाला. मी ये म्हणालो अन् थांबलो न्हाई. अन् तुला बी सांगितलं न्हाई." नऊ वर्षं जे वाक्य मी अंघोळ करताना, गाडी चालवताना, रांगेत उभं असताना अण्णाच्या तोंडी घालत आलो, ते त्याच्याच आवाजात, त्याच्याच फोनवरून एकदाचं तिच्या कानात गेलं होतं. कमजोर हृदय आहे तिचं, मला आठवलं. मग ती म्हणाली, "मग इतकी वर्सं तू बोलला काहून न्हाईस?" हा प्रश्न बरोबर होता. मलाही तोच पडला होता. पण त्याचं उत्तर ज्याच्याकडे होतं तो दवाखान्यात ब, ब करत होता. मी म्हणालो, "माहीत न्हाई, अव्वा." ती म्हणाली, "ठेव." त्या दिवशी तिनं 'जेवलास का' विचारलं नाही. तनुजानं कसेबसे चार घास भरवले आणि मला फोनवर विचारलं, काय बोललास तू तिला? मी म्हणालो, पाइपचं.

दुसऱ्या दिवशी अव्वा पहिलं वाक्य हे बोलली: "त्याला म्हणाव, मला फोन कर." हात् तुझ्या! नऊ वर्षं ज्याची वाट बघितली ते आलं आणि मला घेता येईना. कारण मी फोन करणार कुठल्या आवाजात? माझा आवाज खर्चून बसलो होतो. मी राजशेखर म्हणून हॅलो म्हणालो असतो तर तिनं विचारलं असतं, शिवमूर्ती, थट्टा करतोस का आईची? आमच्या कपाटातल्या दोन पेट्यांची हीच एक भीती असते. दोघी एकाच वेळी 'मीच मुख्य' म्हणायला लागल्या तर समोरचा दोघींनाही चोर ठरवतो आणि सगळे टनेल पडतात. तसं झालं असतं तर अण्णाचं आजारपण उघडं पडलं असतं, ताट पुन्हा दूर सरलं असतं, आणि सुई तर टोचलेली असणारच. आपलेच दात आणि आपलेच ओठ. मग रोज संध्याकाळी हेच सुरू झालं. "सांगितलास का त्याला?" "सांगितलं." "मग?" "करतो म्हणाला." "लई रागावलाय का?" "हाव." "रागावूच दे. पण फोन करायला सांग." एके दिवशी विचारलं, "रडला का रं?" मी म्हणालो, "न्हाई." ते खोटं होतं, कारण तेव्हाच चष्मा पुसत होतो.

इकडे अण्णा दवाखान्यातून घरी आला होता, सुधारत होता. पहिला शब्द 'पाणी' आला, मग वहिनीचं नाव, मग शिवी. शिवी आली तेव्हा वहिनी आनंदानं रडली. रोज एक बाई त्याला शब्द शिकवायला यायची आणि हा पाइपचा व्यापारी तिच्यापुढं बसून क, का, कि करायचा. जीभ जड, शब्द तुटके, आवाज पार बदललेला, चिरका, आणि एक नवी खोड, बोलताना मधेच रडू फुटायचं. डॉक्टर म्हणाले ते दुखण्यामुळे आहे, मनावर घेऊ नका. मग एका सकाळी वहिनीनं सांगितलं, "हे म्हणतात, आज अव्वाला मीच फोन करणार." झालं. वरची पेटी दुरुस्त होऊन आली. दुरुस्त होऊन आली की तिला लगेच बोलू द्यायचं नसतं. मधल्या काळात खालची काय काय बोलली, कुठल्या आकड्यावर आहे, ते सगळं तिच्यात आधी उतरवायचं असतं. नाहीतर खरी पेटीच समोरच्याला खोटी वाटते. मी त्याच्या पलंगाशी स्टूल घेऊन बसलो आणि एकेक सांगितलं. ट्रक, ड्रायव्हर, कुत्रं, दातदुखी, जंगमाला बोलावल्याचं. तो डाव्या हातानं चादर चुरगाळत शहाण्या पोरासारखा ऐकत होता. मी सगळं सांगितलं. अहमदपूर तेवढं सांगितलं नाही. विसरलो नव्हतो. त्याला तिथं तोंडघशी पडताना मला बघायचं होतं. तो चुकून म्हणाला असता, मी असं कधी बोललोच नाही, तर अव्वाला दोघांतला खोटा कोण हे कायमचं कळलं असतं, आणि त्यात माझंही घर बुडालं असतं, तरी चाललं असतं. इतका राग होता.

संध्याकाळी त्याच्या घरी वहिनीनं त्याला उशांना टेकवून बसवलं. मी दिवसभर बँकेत होतो, तसाच परत गेलो. मोबाइल त्याच्या मांडीवर ठेवला, स्पीकर लावला. घंटी गेली. "हॅलो," अव्वा म्हणाली. अण्णानं तोंड उघडलं. "अ... अव्वा." "कोन?" "मी. मी... शि..." पुढं जीभ वळेना. शिवमूर्ती हे नाव त्या बाईनं त्याला शिकवलं होतं, सकाळी म्हणून दाखवलंही होतं, आणि आता 'शि'च्या पुढं जाईना. त्याचा चेहरा लाल झाला आणि ते दुखण्यातलं रडू फुटलं, मोठ्यानं, लाज सोडून. मी हात खिशात घातले. मग अव्वा म्हणाली, "राजा?"

वहिनीनं माझ्याकडं बघितलं. "राजा हायस का रं? रडू नको. मला ठावं होतं तू करशील. रडू नको लेकरा." अण्णा रडायचा थांबला. "शिवमूर्तीनं सांगितलं मला सगळं. तू फोन केला होतास. अहमदपुरातनं. त्यानंच थांबायला पाहिजे होतं, तो थांबला न्हाई. त्याच्यावर राग धरू नको, तो घाबरट हाय लहानपणापासून. धरायचा तर माझ्यावर धर. मी पाय आखडून घेतले. लई खुपतं मला ते." अण्णाची मान सावकाश माझ्याकडं वळली. डोळे लख्ख, दवाखान्यातल्यासारखे. त्याला कळलं. काय बोललो मी त्याच्या नावानं, कधी बोललो, का बोललो, आणि आता का सांगितलं नाही, सगळं कळलं. मी त्याच्याकडं बघत राहिलो. बोल, मी मनात म्हणत होतो. म्हण, की हे खोटं आहे. त्यानं डाव्या हातानं मोबाइल उचलला आणि माझ्यासमोर धरला. घे, तुझा आहे. मी मागं सरकलो. मी तोंड उघडलं असतं तर तिथून शिवमूर्ती बोलला असता. तो तसाच धरून राहिला, हात खाली यायला लागला, आणि अव्वा पलीकडून, "राजा? हायस ना? का ठेवलास?" तिचा आवाज घाबरलेला. ताट पुढं असणार, सुई टोचलेली असणार.

अण्णानं मोबाइल परत तोंडाशी नेला. "हाय," तो म्हणाला. "हाय... अव्वा. राजा."

"मला वाटलं गेलास. पोरीला घेऊन ये एकदा. चष्मा लागलाय म्हणं तिला." "हाव." "अन् बापाच्या जागेवर जाऊन ये. माती अजून बी देता येती." "हाव," अण्णा म्हणाला आणि त्याच्या गालावरून पाणी खाली आलं, ते दुखण्यातलं की कसलं, मला विचारू नका. भांड्याचा आवाज आला, तनुजानं ताट पुढं सरकवलं असावं. मग तिनं विचारलं, "जेवलास का रं?"

अण्णा माझ्याकडं बघत होता. "हाव," तो म्हणाला. "जे... वलो. तू... जेव."

मी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं.